लष्करात गेलेल्या मास्तरांचा माग कसा काढावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. दुसऱ्या महायुद्धात लष्करात गेले, ‘मोठे ऑफिसर’ झाले आणि ‘इटलीत गेले’, एवढंच घरात सांगितलं जातं. हाताशी खांद्यावर दोन स्टार असलेला एक फोटो आहे, दोन-तीन पदकं आहेत, आणि पणजींना मिल्ट्रीची पेन्शन यायची ही आठवण आहे. एवढ्यावरून त्यांचं आयुष्य आणि त्यांचा मृत्यू कसा उभा करायचा? त्यांचं नाव कुठे कोरलेलं आहे का?

शोध शाळेपासून सुरू करा. बहुतेक घरांतली मंडळी उलट करतात. पहिलं पत्र बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला जातं किंवा थेट लंडनला ईमेल जातो, आणि उत्तर येतं की सैनिक क्रमांक व बटालियन कळवा. तो क्रमांक नसतो, म्हणून शोध तिथेच थांबतो. लष्कराचे कागद क्रमांकावर आणि युनिटवर लावलेले असतात, नावावर नाही. ‘पाटील, बेळगाव’ म्हणून शोधलं तर एक तर शेकडो सापडतात किंवा एकही सापडत नाही. मास्तरांच्या बाबतीत मात्र एक सोय आहे जी शेतकरी घरातून भरती झालेल्या जवानाच्या बाबतीत नसते: त्यांच्या नोकरीचा लेखी माग गावात आणि तालुक्याला उरलेला असतो. तो नीट वाचला तर ते कोणत्या दर्जाचे अधिकारी होते आणि कोणत्या लढाईत असू शकतात, हे दोन्ही बरंच आवळता येतं.

शाळेत तीन वह्या मागा. पहिली जनरल रजिस्टर. मास्तर ज्या शाळेत शिकले तिथलं, म्हणजे जन्मतारीख, वडिलांचं नाव, जात आणि शाळा सोडल्याची तारीख मिळते. दुसरी शिक्षकांचा हजेरीपट. तिसरी आणि सर्वांत मोलाची म्हणजे शेरेबुक, ज्यात तपासणीला आलेले अधिकारी शिक्षकांची नावं, त्यांची पात्रता आणि वर्गाची अवस्था लिहून जात. मुख्याध्यापक बदलताना डेडस्टॉक (शाळेचं सामान), रोकड आणि रजिस्टरं मोजून ‘चार्ज दिला, चार्ज घेतला’ अशी नोंद दोघांच्या सह्यांनी होते. एकशिक्षकी शाळेत ही नोंद हमखास असते, कारण मास्तर गेल्यावर दुसऱ्याला किल्ली घ्यावीच लागते. चार्ज दिल्याची ती तारीख वहीत लाल शाईने उतरवून घ्या. पुढच्या सगळ्या कामाला तीच लागणार आहे. हजेरीपटात त्या महिन्यापुढे ‘बिनपगारी रजा’, ‘राजीनामा’ किंवा ‘लष्करी सेवेत’ यांपैकी काय लिहिलंय तेही पाहा. रजा असेल तर मास्तर परत येण्याच्या हिशेबाने गेले होते, आणि मग स्कूल बोर्डाकडे त्यांच्या नावाचा पत्रव्यवहार असण्याची शक्यता वाढते.

शाळेत वह्या नसतील तर निराश होऊ नका. पण कुठे पाहायचं हे ठरवताना नकाशा १९५६ च्या आधीचा डोळ्यांसमोर ठेवा. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डाच्या स्कूल बोर्डाकडे आल्या होत्या. खानापूरच्या मास्तरांची सेवापुस्तकं त्या बोर्डाकडून पुढे म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक सरकारच्या शिक्षण खात्याकडे गेली. त्यामुळे आधी खानापूरच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात विचारा, मग बेळगावच्या डीडीपीआय (शिक्षण उपसंचालक) कार्यालयात. चिकोडी, निपाणी, अथणी या बाजूची शाळा असेल तर चिकोडीचं डीडीपीआय कार्यालय वेगळं आहे. चंदगड तालुका त्या काळी बेळगाव जिल्ह्यात होता आणि पुनर्रचनेत कोल्हापूरकडे गेला, म्हणून चंदगडच्या मास्तरांचा कागद दोन्हीकडे शोधावा लागतो. शहापूर तर आज बेळगाव शहरातच आहे, पण विलीनीकरणापर्यंत ते सांगली संस्थानात होतं. तिथल्या शाळेतल्या मास्तरांचं नाव बेळगावच्या स्कूल बोर्डात मिळणार नाही. रायबागची बाजू कोल्हापूर संस्थानाची, तिची दप्तरं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात पाहावीत. चुकीच्या कचेरीत महिनोन्‌महिने खेटे घालणारे लोक बहुधा याच एका गोष्टीत अडकलेले असतात.

आता ‘मोठे ऑफिसर’ या शब्दांकडे वळू. इंग्रजी अमदानीतल्या भारतीय लष्करात अधिकारी दोन वेगळ्या प्रकारचे होते. जमादार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना व्हाइसरॉयचं कमिशन, म्हणजे अधिकारपत्र, असे. हे बहुतेक शिपाईगिरीतून वर आलेले, आणि त्यांचा हुकूम फक्त भारतीय सैनिकांवर चाले. दुसरे सेकंड लेफ्टनंट, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर हे पूर्ण कमिशन असलेले. त्यात १९४० पासून ‘इमर्जन्सी कमिशन’, म्हणजे युद्धापुरतं तातडीचं कमिशन, मिळालेल्या भारतीयांची मोठी भर पडली. युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय कमिशन्ड अधिकारी शेकड्यांत मोजण्याइतके होते, संपलं तेव्हा आठ हजारांच्या वर. गावात मात्र दोघांनाही ‘ऑफिसर’च म्हणत, आणि त्यात चूक काहीच नाही. सुभेदाराचा मान गावात कॅप्टनपेक्षा कमी नव्हता. पण कागद शोधणाऱ्याला हा फरक पहिल्यांदा मिटवावा लागतो, कारण दोघांची दप्तरं वेगळ्या शहरांत आहेत.

फोटोवरून हा फरक ठरवू नका. एक स्टार म्हणजे जमादार किंवा सेकंड लेफ्टनंट, दोन स्टार म्हणजे सुभेदार किंवा लेफ्टनंट, मुकुट म्हणजे सुभेदार मेजर किंवा मेजर. तीन स्टार असते तर ते कॅप्टन, यात शंका राहिली नसती. तुमच्या फोटोत दोन आहेत, म्हणजे दोन्ही शक्यता उघड्या आहेत. इथे शेरेबुक कामाला येतं. प्राथमिक शाळेचा मास्तर बहुधा व्हर्नाक्युलर फायनल झालेला असे, पुढे ट्रेनिंग कॉलेजची एक-दोन वर्षं. ही परीक्षा मराठी किंवा कानडीतून होई, इंग्रजी नसे. इमर्जन्सी कमिशनच्या मुलाखती आणि पुढचं प्रशिक्षण मात्र सगळं इंग्रजीतून चाले. म्हणून पात्रतेच्या रकान्यात नुसतं व्ही.एफ. असेल तर फोटोतले पणजोबा सुभेदार असण्याची शक्यता फार मोठी. मॅट्रिक किंवा बी.ए. असेल, मास्तर हायस्कूलचे असतील, किंवा कॉलेजात असताना युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअरमध्ये होते असं कळलं, तर लेफ्टनंट असू शकतात. बेळगावात लिंगराज कॉलेज १९३३ साली निघालं. त्याआधीचे इथले पदवीधर धारवाडचं कर्नाटक कॉलेज, सांगलीचं विलिंग्डन किंवा कोल्हापूरचं राजाराम इथून आलेले असत, तेव्हा नाव त्या कॉलेजांच्या याद्यांतही पाहा.

शिकलेल्या माणसाला लष्करात आणखी एक वाट होती. पलटणीत जवानांना रोमन लिपीतली उर्दू शिकवत, आणि बढतीसाठी शिक्षणाची प्रमाणपत्रं लागत: तिसरा वर्ग, दुसरा वर्ग, पहिला वर्ग. शाळामास्तर भरती झाला की त्याला हे शिकवायला लावत, तो लवकर हवालदार होई, आणि युद्धात पलटणी झपाट्याने वाढत असल्याने शांततेच्या काळात बरीच वर्षं लागणारी जमादारी त्याला लवकर मिळे. घरात जुन्या ट्रंकेत ‘फर्स्ट क्लास सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन’ असा कागद सापडला तर त्याला शाळेचं प्रशस्तिपत्र समजून बाजूला टाकू नका. त्यावर क्रमांक, पलटण आणि तारीख असते.

पलटण ‘मराठा’च असेल असंही धरून चालू नका. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री हे समीकरण आपल्या मनात पक्कं आहे, आणि मराठा समाजातल्या मास्तरांसाठी ते बहुतेक वेळा बरोबर येतं. पण त्या काळची भरती जातवार होती. १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावातच उभी राहिली. तिचे कागद आज मध्य प्रदेशात सागरच्या केंद्राकडे विचारावे लागतात. ब्राह्मण, लिंगायत, जैन मास्तर बरेचदा सप्लाय, ऑर्डनन्स, सिग्नल्स किंवा कारकुनी शाखांत गेले.

पुरावा म्हणून पदकं फोटोपेक्षा कितीतरी भरवशाची. ती पितांबरी लावून घासू नका. हिंदुस्थानी सैनिकांना दिलेल्या पदकांवर नाव ठोकलेलं असतं: गोल पदकाच्या कडेवर, आणि ताऱ्याच्या आकाराच्या ‘स्टार’ पदकाच्या मागच्या सपाट बाजूला. अक्षरं उथळ असतात, आधीच झिजलेली असतात. खिडकीपाशी तिरपा उजेड पाडून भिंगातून वाचा आणि मोबाइलने फोटो काढा. क्रमांकाआधी ‘आय.ई.सी.’ अशी अक्षरं असतील तर इमर्जन्सी कमिशन, ‘आय.ओ.’ असतील तर जमादार किंवा सुभेदार. नुसता आकडा असेल तर पदकावर नाव ठोकलं त्या नोंदीपुरते ते शिपाई, नाईक किंवा हवालदार होते, आणि बढती नंतरची असू शकते. अक्षरांचा अर्थ लागला की फोटोतल्या दोन स्टारचा प्रश्न तिथेच सुटतो.

आणि आता ‘इटलीत गेले’. हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नका. बेळगाव भागातल्या घरांत ‘इटली’ या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली पूर्व आफ्रिकेतली एरिट्रिया. तिथे १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केरेनच्या डोंगरांत इटालियन फौजेशी लढाई झाली, त्यात मराठ्यांची तिसरी बटालियन होती. ‘इटलीवाल्यांशी लढले’ याचं दोन पिढ्यांत ‘इटलीत लढले’ होतं. दुसरी तोब्रुक. मराठ्यांची दुसरी बटालियन उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला होती, आणि २१ जून १९४२ ला तो किल्ला पडला तेव्हा ती जवळजवळ पूर्ण कैद झाली. या कैद्यांना समुद्रापलीकडे इटलीत नेलं. हिंदुस्थानी कैद्यांचा एक मोठा कॅम्प आवेत्झानोला होता. इटलीने सप्टेंबर १९४३ मध्ये शरणागती पत्करल्यावर अनेकांना जर्मनांनी आपल्याकडे हलवलं. म्हणजे ‘इटलीत होते’ हे खरं, पण लढाईत नव्हे. तिसरी खुद्द इटलीची मोहीम, १९४३ ते १९४५. तिथे पहिली बटालियन आठव्या हिंदुस्थानी डिव्हिजनमध्ये, तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये लढली. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई तिसऱ्या बटालियनची, १० जुलै १९४४, वरच्या तायबर नदीच्या खोऱ्यातली. नामदेव जाधव यांचा व्हिक्टोरिया क्रॉस पहिल्या बटालियनचा, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदीवरचा.

तीनांतली कोणती, हे ठरवायला चार्जाची तारीख आणि पदकं शेजारी ठेवा. भरती, प्रशिक्षण आणि मग समुद्रप्रवास धरला तर नवा माणूस सहसा वर्षभराच्या आत आघाडीवर पोचत नसे. मास्तरांनी १९४० च्या दिवाळीनंतर चार्ज दिला असेल तर केरेन जवळजवळ बाद. १९४१ च्या अखेरीस दिला असेल तर तोब्रुकही अवघड, आणि मग इटलीची मोहीमच उरते. आफ्रिका स्टार उत्तर आफ्रिकेसाठी होता तसाच एरिट्रिया आणि ॲबिसिनियासाठीही होता, म्हणून तो असेल तर पहिल्या दोन शक्यता पुढे येतात. इटली स्टार ११ जून १९४३ नंतरच्या युद्धसेवेसाठी दिला जाई, नुसत्या कैदेसाठी नाही. दोन्ही असतील तर माणूस आफ्रिकेतून इटलीत गेला. बर्मा स्टार निघाला तर इटलीची गोष्ट दुसऱ्याच कुणा नातलगाची यात मिसळली आहे, असं समजून सगळं नव्याने मांडा. असं मिसळणं फार होतं, विशेषतः एका घरातले दोघे भाऊ लष्करात असतील तर. बर्माच्या बाजूला मराठ्यांची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरांत सांगशाकला छत्रीधारी ब्रिगेडच्या बरोबरीने वेढ्यात लढली, आणि तीच १९४५ च्या ऑक्टोबरात जावा बेटावर सुराबायाला होती. ‘लढाई संपल्यावर मेले’ असं जिथे सांगतात तिथे सुराबाया तपासून पाहावं.

फोटोत बाहीवर डिव्हिजनचं चिन्ह दिसत असेल तर त्यानेही निवाडा होतो. गरुड म्हणजे चौथी डिव्हिजन, साधा गोळा पाचवी, क्लोव्हरची पानं आठवी, झुंजीचा कोंबडा तेविसावी. कृष्णधवल फोटोत रंगावर जाऊ नका, आकार बघा.

एवढी तयारी झाली की युद्धात मेलेल्या सैनिकांची थडगी, स्मारकं आणि नावं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांची मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी आहे, म्हणजे युद्धानंतर दोन वर्षांनी सेवेत असताना झालेला मृत्यूही त्यांच्या यादीत येतो. शोधताना रेजिमेंटचं नाव त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगने द्या: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजच्या स्पेलिंगने दिलं तर नोंदी हाती लागत नाहीत. आडनावाच्या रकान्यात आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असं तिन्ही टाकून बघा, कारण कारकुनांनी यांतलं कोणतंही आडनाव म्हणून उतरवलं आहे. ‘साळवी’, ‘दळवी’, ‘गुरव’ यांची स्पेलिंगं चार-चार प्रकारांनी सापडतात. सर्वांत उपयोगी रकाना ‘अतिरिक्त माहिती’चा. तिथे ‘अमुकचा मुलगा, अमुकचा पती, राहणार अमुक, बेळगाव’ असं लिहिलेलं असतं. नाव न देता नुसतं बेळगाव किंवा खानापूर टाकून, रेजिमेंट आणि वर्ष लावून यादी काढा आणि एकेक नोंद वाचा. गावाचं नाव इतकं बिघडलेलं असू शकतं की मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही.

नोंद सापडली की थडग्याची अपेक्षा ठेवू नका. हिंदू सैनिकांना शक्य तिथे दहन देत, आणि त्यांची नावं दहन-स्मारकांवर कोरली आहेत. इटलीत अशी स्मारकं फोर्ली आणि सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीत आहेत. ज्यांचा देह मिळालाच नाही त्यांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर. केरेन, अल अलामीन, कोहिमा, इम्फाळ आणि रंगूनजवळच्या तौक्यान इथेही दहन-स्मारकं आहेत. युद्धाच्या धांदलीत काही हिंदू जवानांना पुरलंही. त्यांच्या दगडांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं असतं. मास्तर आघाडीवर न जाता हिंदुस्थानातच इस्पितळात किंवा छावणीत वारले असतील तर नाव दिल्ली-कराची स्मारकाच्या यादीत पाहा. परदेशातल्या स्मारकावर नाव नाही म्हणजे गोष्ट खोटी, असा निष्कर्ष कुणी काढू नये.

आता क्रमांक, बटालियन आणि मृत्यूची तारीख हातात आली. इथून दप्तरं दोन दिशांना फुटतात. पणजोबा मराठ्यांच्या पलटणीत जमादार किंवा सुभेदार असतील तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. त्यांच्याकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डरने. ‘सगळी माहिती द्यावी’ असं लिहू नका. तीन गोष्टी नेमक्या मागा: शीट रोलची (एकेका सैनिकाच्या सेवेच्या नोंदपत्राची) प्रत, लाँग रोलमधल्या (सगळ्या सैनिकांच्या नोंदवहीतल्या) नोंदीची प्रत आणि मृत्यूनंतर कुटुंबाला पाठवलेल्या पत्रव्यवहाराची प्रत. शीट रोल ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, पण लाँग रोल जपून ठेवतात, म्हणून दोन्हींची नावं वेगळी लिहिली पाहिजेत. नाही तर ‘कागदपत्रे नष्ट’ एवढ्या एका ओळीवर बोळवण होते. ‘त्रयस्थाची खासगी माहिती’ म्हणून नकार आला तर कायद्याचं कलम ८(३) दाखवून अपील करा: वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारण्यासाठी खासगीपणाचं कारण त्या कलमात चालत नाही. सोबत वंशावळ आणि तुमच्यापर्यंतचे दाखले जोडलेत तर बहुधा अपिलाची वेळच येत नाही.

पूर्ण कमिशन असेल तर रेजिमेंटकडे फारसं काही मिळणार नाही. अशा अधिकाऱ्यांचे कागद लष्कराच्या दिल्लीच्या मुख्यालयाकडे. त्यांची नेमणूक गॅझेट ऑफ इंडियात छापून येई, आणि इंडियन आर्मी लिस्टमध्ये नावासमोर कमिशनची तारीख असे. हुद्द्याबाबत इथे एक घोळ होतो. युद्धात ॲक्टिंग (प्रभारी), टेंपररी (तात्पुरता) आणि वॉर सबस्टॅन्टिव्ह (युद्धकाळापुरता कायम) असे एकाच माणसाचे एकाच वेळी वेगवेगळे हुद्दे असत. घरातल्या पत्रावर मेजर, स्मारकावर कॅप्टन आणि लिस्टमध्ये लेफ्टनंट असं दिसलं तर तिन्ही बरोबर असू शकतात. कुणी मास्तरांचा हुद्दा वाढवून सांगितला असं समजायची घाई करू नये.

बटालियनची वॉर डायरी, म्हणजे युद्धकाळातली रोजनिशी, ही या शोधातली सर्वांत श्रीमंत जागा. ती लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे: मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या डायऱ्या डब्ल्यू.ओ. (वॉर ऑफिस) १६९ मालिकेत, इटलीच्या १७० मध्ये, बर्माच्या १७२ मध्ये. शौर्यपदकाची शिफारस झाली असेल तर ती ३७३ मध्ये. बटालियन आणि वर्ष कळवून प्रत मागवता येते, पण आधी किती पानं आहेत ते विचारा, कारण पैसे पानावर लागतात. मुख्य पानांबरोबर परिशिष्टंही मागा. अधिकाऱ्यांची नियतकालिक यादी तिथे असते, आणि पणजोबा कोणत्या कंपनीत होते, केव्हा आले, केव्हा इस्पितळात गेले ते त्यातून कळतं. डायरीत अधिकाऱ्यांची नावं बरेचदा येतात, जमादार-सुभेदारांची कधीमधी, जवानांची क्वचित. मृत्यूच्या दिवसाच्या आधीचे दहा आणि नंतरचे पाच दिवस शब्दन्‌शब्द वाचा. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने असते, ठिकाणं नकाशाच्या आकड्यांनी. ते आकडे त्या काळच्या नकाशाच्या जाळ्यातले असतात, आजच्या मोबाइलच्या नकाशावर तसेच टाकले तर भलतंच गाव दाखवतील. डायरीत आलेल्या खेड्याच्या, नदीच्या, टेकडीच्या नावावरून जागा बसवा.

डायरी वाचताना एक पथ्य पाळा, आणि हे मी फार आग्रहाने सांगतो. बटालियनने जे केलं ते सगळं पणजोबांनी केलं असं लिहू नका. मोठ्या हल्ल्याच्या वेळी काही अधिकारी आणि जवान मुद्दाम मागे ठेवत, म्हणजे पलटण कापली गेली तरी ती पुन्हा उभी करायला माणसं उरावीत. शिवाय आजारी, रजेवर, प्रशिक्षणावर गेलेले वेगळे. ‘त्या दिवशी त्यांची बटालियन अमुक नदी ओलांडत होती, आणि स्मारकावर त्यांच्या मृत्यूची तारीख तीच आहे’ एवढं लिहिता आलं तर ते खरं आहे आणि पुरेसं आहे. पुढे ‘शत्रूच्या मशीनगनवर चालून जाताना’ असं कुठल्याही कागदाविना घातलं की मास्तर हरवतात आणि सिनेमातला माणूस उरतो. मृत्यूच्या प्रकाराचा शब्दही जपून वाचा. ‘लढाईत ठार’, ‘जखमांनी मृत्यू’ आणि ‘सेवेत मृत्यू’ हे तीन वेगळे. तिसऱ्यात मलेरिया, कावीळ, मोटारीचा अपघात हे सगळं येतं, आणि अशा मृत्यूंची संख्या थोडी नव्हती. ‘बेपत्ता, मृत मानले’ असेल तर तारीख अंदाजाची असते. कैदेत गेले असतील तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे कैद्यांची नोंद मिळू शकते.

घरच्या बाजूला दोन दप्तरं लोक विसरतात. गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टरात परदेशी झालेला मृत्यू मिळत नाही, तिथे वेळ घालवू नका. पण पणजोबांच्या नावावर शेती असेल तर त्यांच्या पश्चात वारसा नोंद झालीच असणार. खानापूरच्या तहसील कचेरीत जुनी फेरफार रजिस्टरं मागा. तिथे ‘अमुक इसम लढाईत मयत’ असं तलाठ्याच्या अक्षरात सापडतं, वारसांची नावं आणि वयं सापडतात, आणि कधी मृत्यूची तारीखही. नोंद मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांनी झालेली असते, नोंदीची तारीख ही मृत्यूची समजू नका. दुसरं म्हणजे पणजींची पेन्शन. पेन्शन पुस्तिका किंवा पेमेंट ऑर्डरचा तुकडा जरी सापडला तरी त्यावर पतीचा क्रमांक, हुद्दा, युनिट आणि पेन्शनचा प्रकार असतो. लष्करी पेन्शनचं दप्तर अलाहाबादला, आजच्या प्रयागराजला आहे. ऑर्डरचा क्रमांक कळवला तरच तिथून काही हलतं.

घरात श्राद्धाची तिथी पाळत असतील तर तीही पुरावा आहे, पण दोन अडचणींसह. एक, तार किंवा पत्र उशिरा आलं तर अनेक घरांनी बातमी कळली ती तिथी धरली. दोन, तिथीची इंग्रजी तारीख काढताना उत्तरेकडचं पंचांग वापरलं तर वद्य पक्षात महिन्याचा फरक पडतो, कारण आपला चैत्र वद्य हा तिकडे वैशाख कृष्ण असतो. अमान्त (अमावास्येला महिना संपणाऱ्या) पंचांगाने तारीख काढा आणि ती स्मारकावरच्या तारखेशी जुळवा. स्मारकाची तारीख आधीची आणि घरची तिथी काही आठवड्यांनंतरची असेल तर दोन्ही खऱ्या धराव्यात.

शेवटी, नाव कुठेच न मिळाल्यास. काही मास्तर जखमी किंवा आजारी होऊन लष्करातून सुटले आणि गावी येऊन वारले. असा मृत्यू ३१ डिसेंबर १९४७ च्या आत झाला असेल आणि तो लष्करी सेवेतल्या जखमेमुळे किंवा आजारामुळे झाला हे दाखवता आलं, तर वॉर ग्रेव्ह्ज कमिशन आजही नाव समाविष्ट करण्याचा विचार करतं. त्यासाठी सेवेचा पुरावा, सेवामुक्तीचं वैद्यकीय कारण आणि मृत्यूचा दाखला असे तीन कागद लागतात. हे मृत्यू गावातच झाल्यामुळे, परदेशातल्या मृत्यूंच्या उलट, गावच्या मृत्यू रजिस्टरात त्यांची नोंद कारणासह मिळू शकते. आधीच असलेल्या नोंदीत नाव, वडिलांचं नाव किंवा गाव चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्जही त्यांच्याच संकेतस्थळावर करता येतो. सोबत जनरल रजिस्टरच्या उताऱ्याची मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर जोडा, आणि मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नका.